लोहभस्म आणि भोंग्यांची चुंबकं

१३ जानेवारी, सोमवार

आलेलं सामान: लोहभस्म, लहान डबी, १८५ रुपये, अंबरनाथहून. मध अर्धा किलो, १६०. भोंग्यांतून काढलेली जुनी चुंबकं, सहा नग, उल्हासनगर कॅम्प एक. भंगारवाल्या प्रीतम शेठनी तीनशे सांगितले, दोनशे दहाला दिली. जीन्सच्या कापडाचा तुकडा शेजारच्या दुकानात मागून घेतला, फुकट. आज सोमवार, शिवमंदिरात बेल वाहिला, ५.

दहावी झाले तेव्हापासून हिशेबाखाली दोन ओळी लिहायची सवय आहे. आज दोन ओळींत भागणार नाही.

ह्यांच्या यकृतात गाठ आहे हे गणपतीत कळलं. मुंबईच्या इस्पितळात गोळ्या चालू आहेत. गाठ कापता येणार नाही म्हणाले. गोळ्यांनी हातापायांची सालं निघतात, तोंड येतं, जेवण जात नाही, आणि गाठ आहे तिथेच.

मागच्या आठवड्यात आमची मनाली मला तिच्या कॉलेजात घेऊन गेली. ती तिथे प्रयोगशाळेत कामाला आहे. विज्ञानाचं प्रदर्शन होतं. मला म्हणाली, आई, चार घटका घराबाहेर तरी पड. तिच्या जिज्ञासा मॅडमनी एक काचेची बाटली दाखवली. आत काळं पाणी, काजळ कालवल्यासारखं. बाटलीला बाहेरून चुंबक लावलं तर ते पाणी उठून उभं राहिलं, फणसाच्या काट्यांसारखं. चुंबक सरकवलं तसे काटे मागोमाग सरकले.

मॅडम म्हणाल्या, "काकी, हे लोखंडाच्या गंजाचे कण आहेत. इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. ह्यांना कॅन्सरचं औषध चिकटवायचं, शिरेतून सोडायचं आणि बाहेरून चुंबक धरून गाठीपाशी थांबवायचं. म्हणजे औषध गाठीलाच मिळतं, बाकीच्या अंगाला त्रास कमी. एमआरआयच्या फोटोतही हे कण कुठे गेले ते दिसतं."

मी विचारलं, "यकृतात जातात का?"

"यकृतात तर आपोआपच जातात. रक्तात बाहेरचं काही आलं की यकृत ते गिळतं. तीच आमची डोकेदुखी आहे. गाठीपर्यंत पोचायच्या आधी चांगलं यकृतच सगळं खाऊन टाकतं."

डोकेदुखी त्यांची असेल. आपल्याला यकृतच हवं आहे.

"कधी मिळेल हे?" म्हटलं. त्या मनालीकडे बघून म्हणाल्या, "आम्ही अजून काचेच्या थाळीत करतोय काकी. उंदरांपर्यंत पोचायलाच वेळ आहे." किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. शिवाय चुंबकाचा जोर चामडीपासून आत गेलं की पटकन कमी होतो, असंही सांगितलं. मी सगळं नीट ऐकून घेतलं.

परत येताना मला आठवलं की गंजाची पूड आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. आज अंबरनाथच्या दुकानदाराने डबी उघडून चिमूटभर भस्म माझ्या बोटांवर चोळलं. बोटांच्या रेषांत भरून बसलं, पुसता पुसेना. मग वाटीतल्या पाण्यावर टाकलं तर तरंगत राहिलं. म्हणाला, "एवढं बारीक असतं बघा. रक्त कमी असेल त्याला मधातून देतात. परसाकडे काळं होईल, घाबरायचं नाही."

घरी आल्यावर कागदावर थोडं घेतलं आणि खालून भोंग्याचं चुंबक फिरवलं. भस्म केसासारखं उभं राहिलं आणि चुंबकामागून चाललं. मी तिथेच बसून एकवीरा आईचं नाव घेतलं. शंका राहिली नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ घरचाच, तीळ मागच्या वर्षीचे. पट्टा शिवून झाला. चुंबकांना सहा खिसे, उजव्या बरगडीखाली येतील असे.

ह्यांनी तो हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "हा काय गं नूतन? लग्नान मी तुला कंबरपट्टा नाय दिला, त आता तूच मना देतंस?"

मी कण, औषध, चुंबक असं सगळं समजावून सांगितलं. हे एमआयडीसीत सारी हयात फिटर होते. डोळे मिटून नटाचा नंबर सांगणारा माणूस. सगळं ऐकून घेतलं, मग एक चुंबक टाचणीच्या डबीजवळ धरलं, हळूहळू मागे घेतलं. टाचण्या गळून पडल्या.

"बघ. याचा जोर बोटभर. बोटाच्या पल्याड त्याना तूच हाक मार, येतील त येतील."

"मग नको बांधू?"

"बांध ना. एवढा शिवलास. जीन्सचा हाय, मना पन फॅशन."

जिथे बांधायचं तिथे कुंकवाने खूण केली. भस्म मधातून चाटवलं. तोंड वाकडं केलं पण गिळलं. मनाली कामावरून यायच्या आत पट्टा काढून कपाटात ठेवायचा असं ठरलं. तिला कळलं तर ती शास्त्र काढून बसेल.

१७ जानेवारी

काळं झालं. दुकानदाराने सांगितलं होतं तसंच. म्हणजे आत गेलं आणि काम करू लागलं.

२० जानेवारी, सोमवार

अंबरनाथला जाऊन आले. अभिषेक १०१. एरवी मी अकरा टाकते.

ह्यांनी आज अर्धी भाकरी खाल्ली. ओट्यावर बसून नदीकडच्या बाजूला बघत होते. शेजारचे बाळाजी भाऊ रस्त्याने चालले होते, त्यांना हाक मारून म्हणाले, "ये रे, मना चिकटून दाखव. मी आता चुंबक झायलो." ते गोंधळले. मी आतून हसले. किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक.

३० जानेवारी

इस्पितळ. गाडीभाडं, चहा, झेरॉक्स मिळून २१४. गोळ्या तिथूनच मिळाल्या.

एमआरआयची तारीख घ्यायला मी खिडकीवर गेले, रांग मोठी होती. परत आले तोवर हे डॉक्टरांकडून बाहेर येऊन बाकावर बसले होते. शर्टाची बटणं लावत होते, एक घर चुकलेलं.

"काय म्हणाले?"

"मीठ कमी खा, म्हनतान."

"एवढंच? आत बराच वेळ होतात."

"डॉक्टर बोलका हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चल, घरा जाऊ. या वासान मना नाय बसवत." मागच्या खेपेला शेजारच्या खाटेवर असलेल्या माणसाची त्यांनी चौकशी केली होती. तो गेला होता, नळ्यांसकट. परतीच्या वाटेवर ह्यांनी तीनदा तेच सांगितलं, "नाकान नळी, हाताला नळी, बायको दाराच्या भायर."

एमआरआयची तारीख १८ फेब्रुवारी मिळाली. खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की अंगावर लोखंडाचं काही असू नये.

ती पाटी मी दोनदा वाचली.

२ फेब्रुवारी

मनालीला सहज विचारल्यासारखं विचारलं, एमआरआयचं चुंबक केवढं असतं गं?

"आई, चुकून स्टीलची खुर्ची खोलीत नेली तर उडून येईल, एवढं."

झालं. इतके दिवस कणाकणाने यकृताशी जमवलेलं हे चुंबक एका झटक्यात ओढून नेईल. कुठे नेईल? डोक्यात? काळजात? खुर्ची उडते तिथे भस्माची काय कथा. मॅडमना विचारावं असं वाटलं. पण विचारलं तर मनालीला कळणार.

५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं हसतील, चुंबकाचं काहीतरी फिटरी गणित काढतील. लगेच हो म्हणाले.

"नको जाऊया. बराबर हाय तुझा. मनालीला सांग, मशीन बंद हाय, तारीक पुढं गेली."

दोघांनी मिळून लेकीशी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. देवापुढे नाक घासलं. पण हे त्या दिवशी इतके खुशीत होते की म्हणाले जिताडा मासा खायचा. एवढासा तुकडा आणला, १५०. मीठ बेताचं घातलं. दोन घास खाल्ले आणि बाकीचा माझ्या ताटात वाढला. "तू खा. तू कदी खातंस काय, हिशेबच लिवतंस."

११ फेब्रुवारी

भस्म संपलं. पेन्शन आली की आणीन. तोवर पट्टा चालू.

१६ फेब्रुवारी

फार बारीक झालेत. पोटात पाणी भरलंय, ते वेगळं; पण बरगड्यांपाशी नुसती चामडी राहिली आहे. आज पट्टा बांधताना यकृताची कड माझ्या बोटांना लागली, दगडासारखी. मॅडम म्हणाल्या होत्या की चुंबकाचा जोर अंतराने कमी होतो. आता अंतर उरलं नाही. एवढं एक ह्या आजाराने आपल्या बाजूचं केलं.

हे वाक्य लिहून झाल्यावर बराच वेळ बघत बसले. तरी खोडत नाही.

१९ फेब्रुवारी

भस्म संपून आठवडा झाला, तरी काळंच होतंय. पहिल्यापेक्षा काळं, डांबरासारखं चिकट, आणि वास फार. मी हे बोलून दाखवलं.

"साठा हाय तो," हे म्हणाले. "यकृतान साठलेला. निघंल हळूहळू."

"डॉक्टरांना फोन करू का? मनाली करेल."

"पोरीला कशाला काळं-गोरं सांगतंस? तू भस्म आन. बंद केलास त तुलाच घोर लागंल."

स्वतःचं एवढं होत असताना माझ्या घोराची चिंता. अशा माणसाच्या वाट्याला हे का, ते देवाला विचारायचं मी सोडून दिलंय. तो सांगत नाही. आधी वाटायचं कामात असेल.

२१ फेब्रुवारी

भस्म १८५. दुकानदाराने विचारलं, गुण आहे का? मी हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ओठ पांढरे पडलेत. रक्त कमी झालंय, म्हणून भस्माची मात्रा थोडी वाढवली. रक्ताचंच तर औषध आहे.

हे आज दिवसभर माझा हात धरून होते. मला भाजी निवडायची होती. म्हटलं, सोडा की, मेथी सुकतेय. म्हणाले, "सुकू दे. पाच रुपयाची मेथी." ती दहाची होती.

मनाली आली तेव्हा पट्टा काढायला विसरले. पांघरुणाखाली होता म्हणून दिसला नाही. ती त्यांच्या उशाशी बसून कॉलेजातलं सांगत होती. मॅडमच्या कणांनी थाळीतल्या पेशी मारल्या, पण चांगल्याही मारल्या, आता पुन्हा पहिल्यापासून. हे म्हणाले, "मॅडमना सांग, घाई नको करा. काम पक्का झाला पायजे. आमचा काय, पुडल्या मान्साना लागंल." मनाली उठून मोरीत गेली आणि नळ सोडला. किती पाणी वाया घालवलं.

२८ फेब्रुवारी

परवा महाशिवरात्र होती. ह्यांनीच आग्रह केला की जा, एवढा सोमवार-सोमवार करतेस आणि आजच नाही? अंबरनाथला जत्रेत रांग पार रस्त्यापर्यंत. दर्शन होऊन घरी आले तर दारात चपलांचा ढीग. ह्यांना रक्ताची उलटी झाली होती. मनालीला सुट्टी होती म्हणून ती घरी होती. रक्त पुसायला गेली तेव्हा तिला पट्टा दिसला.

तिने मला विचारलं नाही काही. गाडीत बसल्यावर कात्रीने कापलेला तो पट्टा माझ्या मांडीवर ठेवला, बस.

इथल्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काळं होत होतं का? कधीपासून?"

मी म्हटलं, "ते भस्माचं."

"कसलं भस्म?"

मी सांगितलं. ते लिहीत होते ते लिहायचे थांबले. मग मनालीशी इंग्रजीत बोलले. मनाली मान खाली घालून ऐकत होती. मला इंग्रजी वाचता येतं थोडं, पण बोललेलं समजत नाही. तिने सांगितलंही नाही.

हे शुद्धीवर होते. नाकात नळी होती. मला दाराबाहेर उभं केलं होतं. काचेतून दिसत होते. बोटाने मला बोलावत होते की जा म्हणत होते, ते कळलं नाही.

१ मार्च

हे गेले.

१४ मार्च

काल तेरावं झालं. होळीही कालच. गावात पेटली, आमच्या दारात अंधार ठेवला. खर्च लिहायचा राहिला आहे. लिहीन.

मनाली आज तोंड उघडून बोलली. मी भांडी घासत होते, ती मागे येऊन उभी राहिली.

"आई, मी मुंबईच्या इस्पितळात फोन केला होता. ते म्हणाले, जानेवारीत पेशंटला सांगितलं होतं. गाठीमुळे आतल्या शिरा फुगल्यात, त्या फुटू शकतात. काळं झालं तर त्याच दिवशी घेऊन या. दोनदा सांगितलं म्हणाले."

मी म्हटलं, "आम्हाला नाही कुणी सांगितलं."

"तुला नाही. बाबांना."

"मग ह्यांच्या ध्यानात राहिलं नसेल. औषधांनी माणूस विसरतो."

"बाबा विसरतील?" एवढंच म्हणाली. मग माझ्या हातातलं पातेलं घेऊन स्वतः घासायला बसली. "आई, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. शिरा फुटणारच होत्या. सोड."

कसं सोडू? विसरले म्हणून तर काळं आलं तेव्हा ह्यांनाही ते भस्माचंच वाटलं. मी भस्म दिलं नसतं तर बघताच आठवलं असतं. आठवलं असतं तर बोलले असते. माझ्यापासून ह्यांनी कधी काही लपवलं नाही.

आज देवाजवळ दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. जोडवेनात.

१७ मार्च, सोमवार

अंबरनाथला गेले नाही. त्याऐवजी पोस्टात जायचं आहे. पाकिटं दोन, तिकिटं दोन, मिळून १२. पत्राचा मजकूर आधी इथे लिहून बघते, पुढे चांगल्या कागदावर उतरवीन.

सौ. जिज्ञासा मॅडम यांस,

स. न. वि. वि. मी मनालीची आई, बेलवलीला राहते. प्रदर्शनात तुम्ही मला काळ्या पाण्याची बाटली दाखवली होती. तुम्ही बाई उगाच आशा लावली नाही, काचेच्या थाळीत आहे, उंदरांनाही वेळ आहे, असं स्वच्छ सांगितलं होतं. आशा माझी मीच लावली. म्हणून हे पत्र तक्रारीचं नाही.

मी माझ्या यजमानांना मधातून लोहभस्म दिलं आणि बरगडीखाली चुंबकं बांधली. एमआरआयला जाऊ दिलं नाही, कारण मोठं चुंबक सगळं ओढून नेईल असं मला वाटलं. हे वाचून तुम्हाला हसू येईल किंवा राग येईल, दोन्ही चालेल.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला लहान आहे. तोंडावाटे दिलेलं ते भस्म यकृतापर्यंत थोडं तरी पोचलं असेल का? नसेल तरी चालेल, फक्त माहीत असावं.

दुसरा असा. भस्माने परसाकडे काळं होतं. आतलं रक्त जात होतं तेही काळंच दिसतं म्हणतात. मी दोन्हींतला फरक केला नाही. भस्म दिलं नसतं तर पहिल्याच दिवशी मला कळलं असतं. कळून त्याच दिवशी इस्पितळात नेलं असतं, तर ते वाचले असते का? कायमचे नाही विचारत. यंदाचा पाऊस बघण्याइतके तरी?

मनाली नाही म्हणते. पण ती माझी मुलगी आहे, मला जपायला ती खोटं बोलेल. देवाला विचारून झालं. तुम्ही माझ्या कुणी नाही आणि शिकलेल्या आहात, म्हणून तुम्हाला विचारते. मनालीला ह्यातलं काही सांगू नये, आणि मोबाईलवर पाठवू नये, तो तीच बघते. ती कॉलेजात गेल्यावर पोस्टमन येतो, दाराशी मीच असते.

माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. लांबलचक लिहायची गरज नाही. हो असेल तर हो एवढाच शब्द लिहावा, माझ्या मनाचा विचार करून बदलू नये. काय असेल ते कृपा करून उलट टपाली कळवावे.